तीन शिट्ट्यांची खिचडी

मी संध्याकाळची रोटली बंद केली त्याला आता सहा महिने होत आले, आणि आमच्या गल्लीत अजून त्यावर बोलणं चालू आहे. बोलू देत. गेल्या वर्षी समोरच्या घरातला मुलगा दुसऱ्याच्या बायकोला घेऊन पळाला, तो विषय पंधरा दिवसांत शिळा झाला. पण लाभुबेन नवऱ्याला संध्याकाळी रोटली देत नाही, हे मात्र काही केल्या कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या जामनगरात रोटली म्हणजे उतरती रोटली. माणूस ताटावर बसला की तव्यावरून उतरलेली, फुगलेली, तूप लावलेली रोटली थेट त्याच्या ताटात पडली पाहिजे. ती संपायच्या आत दुसरी. खाणाऱ्याने मागायचं नसतं आणि करणारीने बसायचं नसतं. आमचे हे आठ खातात. पाचवीला दर वेळी हात आडवा धरून ‘बस बस’ म्हणतात आणि मग आणखी तीन खातात. मुलगा मेहुल घरी होता तेव्हा त्याच्या सात. सगळ्यांचं झाल्यावर मी ओट्याशी टेकून जे उरेल ते खायची. इतक्या वर्षांत माझ्या हातची गरम रोटली कशी लागते ते मला माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, चांगली लागते.

यात नवल काही नाही, घरोघरी हेच आहे. माझं दुखणं वेगळं होतं. ते माझ्या डाव्या हाताच्या करंगळीत होतं.

मी नऊ वर्षांची असल्यापासून बांधणी बांधायची. माझी आई बांधायची, तिची आईही. बांधणाऱ्या बाईच्या करंगळीचं नख वाढवलेलं असतं. त्या नखाच्या टोकाने कापडाचा कणभर भाग वर उचलायचा आणि दुसऱ्या हातातल्या दोऱ्याने त्याला पाच वेढे घालायचे. रंगात बुडवून दोरा सोडला की तिथे टिंब उमटतं. नख जितकं बारीक, तितकं टिंब बारीक. माझं टिंब मोहरीएवढं यायचं. माझ्या आईला बाजारात लोक विचारायचे, ही पोर कुठे दिली? आई म्हणायची, अजून नाही दिली, आधी तिचा हात बघा.

मग दिली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझी नणंद गोदा हिला बघायला पाहुणे येणार होते, अकरा माणसं. सासूबाईंनी, म्हणजे बांनी, माझ्यापुढे कणकेची परात ठेवली आणि परातीत कात्री ठेवली. म्हणाल्या, “वहू, हे नख कणकेत जातं. पाहुण्यांना किळस येईल. आजच्या दिवस काप. नख काय, परत येतं.”

मी कापलं. गोदाबेनचं जमलं. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं जेवायची होती. तिसऱ्या दिवशीही होती. रोज दोन वेळा कणीक मळणाऱ्या बाईचं नख वाढत नाही. ते मऊ पडतं आणि तव्याशी फाटतं. एकच दिवस म्हणता म्हणता चौतीस वर्षं गेली.

गेल्या दिवाळीत बाजारात कादरभाई खत्री भेटले. माझ्या आईचं काम त्यांच्याच पेढीकडून यायचं. आता दाढी पांढरी झालीय, पण नजर तीच. म्हणाले, “लाभुबेन, अखात्रीजच्या लग्नाचं घरचोळं आहे. बावन बागेचं. बारीक बांधणाऱ्या मोंघीमा होत्या, त्या श्रावणात गेल्या. हल्लीच्या पोरी वाटाण्याएवढी टिंबं बांधतात. तुमच्या आईचा हात तुमच्याकडे आहे की गेला?”

अखात्रीज म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि घरचोळं म्हणजे सासरकडून नवरीला जातं ते लग्नाचं लुगडं. बावन बागेचं म्हणजे त्यावर बावन चौकडे, आणि प्रत्येक चौकड्यात हत्ती, फूल, पुतळी, सगळं टिंबांनी भरलेलं. असं काम माझ्या आईलाही जन्मात दोनदाच मिळालं होतं.

“आहे,” मी म्हणाले. खोटंच बोलले. आहे की नाही ते मला कुठे ठाऊक होतं?

त्या संध्याकाळी मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि करंगळीकडे बघत बसले. ते बुटकं, पिठाने माखलेलं नख. मला असा संताप आला म्हणून सांगू! बांचा नाही, त्या बिचाऱ्या गेल्या. माझाच आला. कात्री बांनी ठेवली होती, पण चालवली होती मी.

लाभपाचमीला, दिवाळीनंतरचा शुभ दिवस बघून, मी घरात जाहीर केलं. आमचे हे नुकतेच कारखान्यातून आले होते. पितळेचे नळ बनवायचं आमचं छोटं लेथ मशीन आहे. पावणेसातला त्यांना ताट लागतं, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही.

“आजपासून संध्याकाळी रोटली नाही,” मी म्हणाले. “एक भांडं चुलीवर चढेल. त्यात जे असेल ते सगळ्यांनी एकत्र बसून खायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे खिचडी. नाहीतर पुडला. नाहीतर तांदळाच्या पिठाचा खिचू, डाळ-तांदळाचा हांडवो, फोडणीचा भात. अर्ध्या तासाच्या वर मी स्वयंपाकघरात दिसणार नाही.”

हे हसले. “बरं वाटत नाही का तुला? आजाऱ्याचं जेवण सांगतेस ते.”

“तुमच्या गोंडलच्या मामांनी जन्मभर रात्रीची खिचडी खाल्ली. नव्वदीला गेले. ते काय आजारी होते?”

“ते खिचडीबरोबर भाकरी खायचे!”

“मग घ्या भाकरी. पीठ डब्यात आहे.”

सून जल्पा दारात चप्पल काढत होती. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, साडेसातला येते. त्या दिवशी लवकर सुटली होती. मेहुल मुंद्र्याला बंदरावर, रविवारचा येतो. जल्पाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि म्हणाली, “मम्मी, सकाळची कणीक मी मळीन. माझ्या डब्याला लागतेच, त्यातच बापुजींचा डबा होईल.” एवढंच बोलली, पण मला दोन हात आणखी फुटल्यासारखं झालं. दिवसभर कणकेला हात लावायचा नाही, तरच नख टिकतं.

माझी खिचडी सांगते. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सालाची मूगडाळ. दुपारी तीनला धुऊन भिजत घालायची. कुकरमध्ये तुपात जिरं, हिंग, लसूण, हिरवी मिरची. त्यात घरात जी भाजी मरायला टेकली असेल ती, अर्धा बटाटा, दोन वांगी, मूठभर वाटाणे. हळद, मीठ, तिप्पट पाणी. झाकण लावायचं आणि गच्चीवर जायचं. तीन शिट्ट्या गच्चीवर ऐकू येतात. बांधणीला उन्हाचा उजेड लागतो, दिव्याखाली बारीक टिंब दिसत नाही. आमच्या गच्चीवर दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत जो तिरपा उजेड असतो, तो सोन्यासारखा. चौतीस वर्षं तो उजेड मी भाजी चिरण्यात आणि कणीक मळण्यात घालवला होता.

सुरुवातीला नख नव्हतंच. जुन्या पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांवर चिमटीने बांधत बसायची. टिंबं वाकडी यायची. हात विसरला होता. मी रोज बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची.

खाली कुकर होता आणि त्याच्यापासून चार हातांवर आमचे हे वर्तमानपत्र घेऊन बसायचे. मी सांगून ठेवलं होतं, तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करा. पहिल्या आठवड्यात एकदा हातातला तुकडा संपवायच्या नादात मी वरच राहिले. अकरा शिट्ट्या झाल्या. अकरा! शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, “अरे, स्फोट होईल!” मी धावत खाली आले तर हे पेपर वाचतायत.

“ऐकू येत नाही?”

“येतं की. माझं काम नाही ते.”

मी तो काळा पडलेला लगदा त्यांच्या ताटात वाढला आणि तसलाच माझ्या ताटात घेऊन समोर बसले. मी सगळा खाल्ला. त्यांनी दोन घास घेतले, ताट सरकवलं, पायात चपला घातल्या आणि बहिणीकडे गेले.

गोदाबेन दोन गल्ल्या पलीकडे राहतात. विधवा आहेत, मुलं बडोद्याला. भाऊ जेवायला आला म्हणून त्यांना कोण आनंद! पहिल्या दिवशी आठ रोटल्या, वांग्याचं भरीत आणि वर गूळ-तूप. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून माझ्या दारात.

“भाभी, हे काय मांडलंय तुम्ही? माझा भाऊ उपाशी मरायला टाकलाय?”

“तुमच्याकडे आठ खातो ना? मग उपाशी कसा?”

“लोक तोंडात शेण घालतायत! बाईमाणसाला संध्याकाळी दुसरं काय काम असतं?”

मी त्यांना कापड दाखवलं. त्यांनी नाक मुरडलं. “मग जल्पाने सकाळीच जास्तीची कणीक मळून ठेवावी. तुम्ही नुसतं लाटायचं.”

“आणि उजेड? तोही फ्रिजमध्ये ठेवू का?”

“पण हे वेड या वयात कशाला, भाभी? तेव्हा का नाही केलंत?”

एवढं ऐकलं आणि माझा तोल गेला. मी त्यांच्या नाकासमोर करंगळी धरली. “तेव्हा? तुला बघायला अकरा माणसं आली होती, गोदा. त्यांच्या रोटल्यांसाठी हे नख कापलं मी. बांनी परातीत कात्री ठेवली होती. तू दारामागे साडी नेसत होतीस. तुला माहीत होतं.”

नणंदेला मी पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते. ती म्हणाली, “माहीत होतं. मी आरशातून बघितलं होतं.” आणि चालती झाली. चहासुद्धा घेतला नाही.

पाचव्या दिवशी हे संध्याकाळी घरीच बसले. मी विचारलं नाही. जल्पाने मला हळूच सांगितलं, फईबांनी, म्हणजे गोदाबेननी, भावाला सांगून टाकलं की माझे गुडघे दुखतात, आठ रोटल्यांपायी तासभर उभं राहवत नाही, माझ्याकडेही आता संध्याकाळी पुडलाच असतो. त्या दिवशी आमच्याकडेही पुडलाच होता. बेसन, कांदा, कोथिंबीर, तव्यावर दोन मिनिटं. ह्यांनी सहा खाल्ले. पाचव्याला हात आडवा धरला होता.

म्हणून काही ते वळले असं समजू नका. रोज टोमणा असायचाच. “आज कोणती खिचडी? तीच की कालची?” “बाकीचे जेवतात, आम्ही पोट भरतो.” मीही सोडायची नाही. सिलिंडर बारा दिवस जास्त चालला, तेव्हा मी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवली, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद होऊ लागला होता. कोण करतं, मी विचारलं नाही.

पौषात नख आलं. नुसतं आलं नाही, टोकाला हवं तसं घासून बारीक झालं. मी कादरभाईंच्या पेढीवर बांधलेला तुकडा नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आतून घरचोळ्याचं रेशीम आणून माझ्या मांडीवर ठेवलं. घरी येईपर्यंत मी रिक्षात रडले. रिक्षावाला म्हणाला, “बेन, कोणी गेलं का?” म्हटलं, “नाही रे, आलं.”

चैत्रापर्यंत सत्तेचाळीस बाग भरले. पाच राहिले होते आणि दिवस नऊ. कापडाला ठरलेल्या दिवशी पहिल्या रंगात जायचं होतं, त्यात अर्ध्या दिवसाची सवड नव्हती. आणि त्याच वेळी आमच्या ह्यांना पितळवाल्यांच्या मंडळाचं प्रमुखपद मिळालं.

“उद्या मंडळातले चौघे जेवायला येतायत,” ते म्हणाले. “रामनवमीच्या मिरवणुकीचं ठरवायचंय. बचुभाई येणार आहेत. रोटली कर.”

“जल्पा साडेसातला येते.”

“जल्पा नाही, तू. तुझ्या हातची. मी सगळीकडे सांगून बसलोय की आमच्या घरची रोटली म्हणजे रोटली.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “एकच दिवस, लाभु. माझी इज्जत आहे. कणकेत अडतं म्हणतेस ना? मग काप. नख काय, परत येतं.”

हाच शब्द. बांच्या तोंडचाच शब्द मुलाच्या तोंडी, काना-मात्रेचा फरक नाही.

“मागच्या वेळी यायला चौतीस वर्षं लागली,” मी म्हणाले. “या वेळी मी तितकी जगणार नाही.”

त्यांना वाटलं असेल, चिडली आहे, सकाळपर्यंत निवळेल. मी करीन यात त्यांना शंकाच नव्हती. मला रात्रभर वाटत होतं, आपण करून बसू. सवय वाईट असते. सकाळी उठल्या उठल्या मी घरातली कात्री जल्पाच्या पर्समध्ये टाकली आणि तिला म्हटलं, ही घेऊन जा लॅबमध्ये.

दुपारी मोठ्या कुकरमध्ये सात जणांची खिचडी लावायची तयारी केली. कढी केली, गूळ आणि कढीपत्ता घालून. पापड भाजून डब्यात ठेवले. लोणचं काढलं. सहाला चौघे आले, मी हसून पाणी दिलं, बचुभाईंच्या नातवाची चौकशी केली. कुकर लावला. साडेसहाला स्वयंपाकघरातच पाच ताटं मांडली, गरम खिचडी वाढली, वर तुपाची धार, बाजूला कढीच्या वाट्या. कुकर आणि पळी ताटांजवळ, त्यांच्या हाताशी ठेवली. “घ्या, सुरू करा. लागेल ते वाढून घ्या. माझं वर काम आहे,” म्हणाले आणि जिना चढले.

अजून पाऊण तास उजेड होता.

आमच्या गच्चीला स्वयंपाकघराचं धुराडं आहे, त्यातून खालचं सगळं ऐकू येतं, वाकलं तर दिसतंही. मी कापड मांडीवर घेतलं, बोटं चालू केली. खालून काहीच ऐकू येईना. वाटीचा नाही, पापडाचा नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग कुणीतरी खाकरलं. मी धुराड्यातून डोकावले, आणि काय बघते, पाचही पुरुष हात धुऊन, मांडी घालून, ताटाला हात न लावता बसले होते. खिचडीवरचं तूप मुरून गेलेलं. ते वाट बघत होते. खिचडी तर शेवटी खायची, आधी उतरत्या रोटल्या येतील, बाई आणायला गेली असेल. त्यांच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं. मला इतकं हसू फुटलं की दोरा सुटला.

जिन्यावर पावलं वाजली. हे वर आले, चेहरा लालबुंद.

“रोटली कुठाय?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? माणसं बसलीयत खाली!”

“बघितलं मी. खिचडी गार होतेय, त्यांना सांगा.”

“काय सांगू? काय सांगू मी त्यांना?”

“सांगा, बायको घरचोळं बांधतेय. बावन बागेचं. पाच राहिलेत, दिवस आठ आहेत. मला उठता येत नाही.”

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटतं, सहा महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. नखाच्या टोकावर रेशीम उचललेलं होतं, मोहरीएवढं. मी त्याला पाच वेढे घातले, त्यांच्या देखत. टिंब सरळ बसलं.

ते खाली गेले. धुराड्यातून बचुभाईंचा आवाज आला, “काय झालं, वजुभाई?” मग आमच्या ह्यांचा आवाज, घोगरा, “रोटली नाही. आमच्याकडे संध्याकाळी हेच असतं. खा.” पळी कुकरवर आपटली. कुणाच्या तरी बोटाला चटका बसला, शिवी ऐकू आली, ती ह्यांचीच. आणि मग, देवाशपथ सांगते, पापडांचा आवाज. एकाने कढी दुसऱ्यांदा मागितली. ती कोणी वाढली ते मला दिसलं नाही, पण वाढणारी बाई घरात नव्हती.

अर्ध्या तासाने पाहुणे गेले. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकला होता. जिन्यावर पुन्हा पावलं आली. ह्यांच्या हातात ताट होतं. त्यात खिचडी, वाफ निघत होती. म्हणजे पुन्हा गरम केली होती. वाटीत कढी, निम्मी सांडलेली. लोणचं विसरले होते.

“उरलं नसतं,” ते म्हणाले. “बचुभाई सुटलेच होते. तुझं बाजूला काढलं. खा, गरम आहे.”

चौतीस वर्षांत मला या घरात कुणी ‘खा, गरम आहे’ म्हटलं नव्हतं. ताट घ्यायला हात पुढे जाणारच होता.

पण टाकीवर अजून दहा मिनिटांचा उजेड होता.

“उजेड आहे अजून,” मी म्हणाले. “थांबा.”

“गार होईल.”

“होऊ दे. मला गार खायची सवय आहे.”

ताट कठड्यावर ठेवता आलं असतं, पण तिथे कावळे बसतात. मग त्यांनी ताटावर दुसरा हात आडवा धरला आणि माझ्या शेजारी उभे राहिले. बसायला जागा होती, तरी बसले नाहीत. मी मान खाली घातली आणि अठ्ठेचाळिसाव्या बागेतल्या हत्तीची सोंड बांधायला घेतली. दिवस मावळेपर्यंत ती पुरी झाली. ते उभेच होते.